गॅरेजमधला बसरा

ॲरिझोनातल्या चँडलरच्या आमच्या घराच्या छपरावर एक जुना कूलर होता. आजूबाजूच्या नव्या वसाहतींत सगळीकडे एसी आले होते, पण आमची गल्ली जुनी, कापसाच्या शेताला लागून असलेली. आणि बाबा नागपूरचे. घर बघायला गेले तेव्हा खोल्या किती, बाथरूम किती हे त्यांनी विचारलंच नाही, असं आई अजून सांगते. छपराकडे बघून ते एवढंच म्हणाले, "अरे, हा तर आपला कूलर आहे!" आणि घर ठरलं. मार्च संपत आला की बाबा शिडी लावून वर चढायचे, जाळ्यांमध्ये नागपूरहून आणलेला वाळा भरायचे, आणि पुढचे तीन महिने घरभर ओल्या वाळ्याचा वास आणि डोक्यावर सतत घरघर. आवाज चढवल्याशिवाय जेवणाच्या टेबलावर आमटीसुद्धा मागता यायची नाही. खिडकी उघडली तर नारंगीच्या मोहोराचा वास आत घुसायचा, इतका गोड की आईचं डोकं चढायचं.

आई साताऱ्याची. ती प्रत्येक भाजीत शेंगदाण्याचं कूट घालायची आणि बाबांना रविवारी वडाभातच लागायचा, वरून हिंग-मोहरीची गरम फोडणी ओतून. कुटावरून आणि फोडणीवरून त्यांचं रोज एक भांडण व्हायचं. माझं मराठी मी त्या भांडणांत शिकले. शाळेत मी 'के' होते, घरी केतकी. शाळेत मी गप्प बसायचे, घरी मला गप्प बसवावं लागायचं.

बाबा कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात होते. पायापासून डोक्यापर्यंत पांढरा सूट घालून ते पिवळ्या दिव्यांच्या खोलीत काम करायचे, कारण साधा पांढरा उजेड लागला तर सिलिकॉनच्या चकतीवरचा लेप खराब होतो. "मी उजेडानं कोरीवकाम करतो," असं ते पाहुण्यांना सांगत, आणि त्या एका वाक्यापुरते फार खूश दिसत. बाकी वेळ ते सावध माणूस होते. आमच्या ग्रीन कार्डाचे कागद कुठल्याशा ऑफिसात वर्षानुवर्षं पडून होते आणि घरातला प्रत्येक निर्णय त्या कागदांना विचारून व्हायचा. भारतात जायचं का, गाडी बदलायची का, कुणाशी वाद घालायचा का. सगळ्याला उत्तर एकच. "कार्ड येऊ दे."

समोरच्या घरात यूनुस आणि समीरा राहायचे. ते मोसलचे, म्हणजे इराकमधले. तिकडे यूनुस कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. इकडे ते चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासायचे. त्यांच्या मुलीचं लग्न होऊन ती मिशिगनला गेली होती. यूनुसना मी अम्मो म्हणायचे. त्यांच्या भाषेत अम्मो म्हणजे काका, त्यामुळे मला ते वेगळं काही म्हटल्यासारखं वाटलंच नाही. ते मला 'बिन्ती' म्हणायचे, माझी मुलगी. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, पण इतक्या वर्षांनी मला ते मराठीतच आठवतं, तेव्हा तसंच लिहिते.

ओळख झाली ती माझ्या चष्म्यामुळे. नवा चष्मा डोळ्यांवर बसवून बघताना त्यांनी मला विचारलं, "समोरची खुर्ची दिसते?"

"हो."

"दिसते म्हणजे काय होतं? तुझ्या डोळ्यांतून काहीतरी निघून खुर्चीपर्यंत जातं?"

"नाही हो. उजेड खुर्चीवरून डोळ्यांत येतो. एवढं सगळ्यांना माहीत असतं."

"सगळ्यांना माहीत असतं हे काही कारण नव्हे. फार हुशार माणसं शेकडो वर्षं उलटं मानत होती. सिद्ध करून दाखव."

मला काही सिद्ध करता आलं नाही. सोळा वर्षांच्या मुलीला, तेही तिच्या आईसमोर, असं निरुत्तर केलं की ती एकतर त्या माणसाचं तोंड बघत नाही, नाहीतर त्याच्या मागेच लागते. मी मागे लागले.

शनिवारी दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. समीरा मावशी वाळवलेल्या काळ्या लिंबांचा आंबटगोड चहा करायच्या. त्या लिंबांना त्यांच्याकडे नावच बसऱ्याचं आहे, इराकच्या दक्षिणेकडच्या बंदराचं. त्याबरोबर खजूर भरून गुंडाळलेली बिस्किटं, क्लैचा. आणि अम्मो मला बसऱ्यात जन्मलेल्या एका माणसाबद्दल सांगायचे, हजार वर्षांपूर्वीच्या. त्याने म्हणे बढाई मारली होती की आपण नाईल नदीला वेसण घालू. कैरोच्या राजाने त्याला बोलावून घेतलं. नदी बघितल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे होणे नाही, आणि राजा तर लहरी. तेव्हा त्याने वेड्याचं सोंग घेतलं आणि वर्षानुवर्षं स्वतःच्याच घरात कोंडून राहिला. "ही गोष्ट खरी की लोकांनी रचलेली, ते नक्की माहीत नाही," असं अम्मो प्रत्येक वेळी बजावायचे. पण एक नक्की, की त्या माणसाने उजेडाचा नाद घेतला. अंधारी खोली केली. बाहेर दिवे मांडले, भिंतीला एक भोक ठेवलं आणि आत बसून बघितलं. जितके दिवे तितके ठिपके. एक दिवा झाकला तर त्याचाच ठिपका गेला, बाकीचे जागच्या जागी. सगळे उजेड एकाच भोकातून आले तरी एकमेकांत मिसळले नाहीत. आणि त्याने लिहून ठेवलं की आधीच्या मोठ्या माणसांनी काय म्हटलं आहे त्यावर विसंबू नका, त्यांच्यावरही संशय घ्या आणि स्वतःवरही.

त्या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरवलं हे कबूल करते. तोपर्यंत मला कुठल्याही भाषेत कुणी असं सांगितलं नव्हतं.

मी गॅरेजमधून बाबांची गाडी बाहेर काढायला लावली. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा मधोमध उभा केला, त्याला भोक पाडलं, एका बाजूला घरातले तीन टेबललँप मांडले. दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर तीन ठिपके उमटले. डावीकडचा दिवा झाकला, उजवीकडचा ठिपका गेला. मी किंचाळलेच. मग अम्मो म्हणाले, आता मोठा खेळ कर. गॅरेजच्या दाराला वर ओळीने चार काचा होत्या. त्यांना फॉइल आणि डक्ट टेप लावली, दाराच्या कडेच्या फटी बुजवल्या, एका काचेवरच्या फॉइलला लहानसं भोक पाडलं आणि समोर आईची पांढरी चादर टांगली. बाहेर ॲरिझोनाचं भर दुपारचं ऊन. डोळे अंधाराला सरावले आणि चादरीवर आमची गल्ली उतरली. उलटी. खाली निळं आकाश, वर डांबराचा रस्ता, अम्मोंच्या घराचं लाल छप्पर खाली डोकं करून, आणि त्यांच्या अंगणातलं पिवळ्या फुलांचं झाड वाऱ्याने हलत होतं. रंगीत होतं सगळं. कॅमेरा नाही, वायर नाही, काही नाही.

बाबा गाडीची किल्ली मागायला आत आले आणि तिथेच उभे राहिले. "अबे," एवढंच म्हणाले. मग त्यांनी चादर पुढे-मागे करून बघितली, भोकावर बोट धरलं, काढलं. "केतू, हे आम्हीच करतो फॅबमध्ये, चिप्सच्या कारखान्यात. उजेड एका नक्षीतून पाठवायचा आणि चकतीवर उतरवायचा. हेच." त्या दिवशी ते आणि अम्मो अंधारात दोन खुर्च्या टाकून भिंगांबद्दल इतके बोलले की आईने वडाभात तिथेच आणून दिला. अम्मोंनी फोडणीचं तेल ओतून घेतलं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा मागून घेतलं. त्यानंतर दर रविवारी ते वडाभाताला आमच्याकडे असत. बाबांना इतक्या वर्षांत अमेरिकेत मिळालेला हा पहिला मित्र होता, असं मला आता वाटतं. ऑफिसातले लोक होते, मराठी मंडळातले लोक होते. मित्र हा एकच.

पाडव्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मराठी मंडळाचा कार्यक्रम असायचा, एका शाळेच्या हॉलमध्ये. त्या वर्षी मुलांचं विज्ञान प्रदर्शन ठरलं आणि मी नाव दिलं. बोर्डवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बसऱ्याची अंधारी खोली'. आणि मग अमेरिकेचं इराकशी युद्ध सुरू झालं.

टीव्हीवर दिवसभर बगदाद. सैनिक सुखरूप परत यावेत म्हणून गल्लीतल्या झाडांना पिवळ्या फिती बांधल्या गेल्या. दोन घरं सोडून राहणाऱ्या लिंडाने तर प्रत्येक फांदीला बांधली, कारण तिचा मुलगा सैन्यात ट्रक चालवायचा. अम्मोंच्या दारावर कुणीतरी अंडी फोडली. समीरा मावशींनी ती सकाळी पाइप लावून धुतली. आमच्याकडे बाबांनी गाडीला अमेरिकेचा झेंडा लावला. आईने नेहमीच्या बारीक टिकलीऐवजी मोठी लाल टिकली लावायला सुरुवात केली, दुकानात जाताना तर हमखास. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "लोकांना कळायला नको का?" काय कळायला, ते ती बोलली नाही. मला ते कळलं, आणि ती लाज आजही उतरत नाही. आपण 'ते' नाही हे कपाळावर लावून फिरायचं.

एका दुपारी बाबा कूलरसाठी शिडीवर होते, मी खाली वाळ्याची जुडी धरून. टाय लावलेली दोन माणसं ड्राइव्हवेवर आली. अतिशय सभ्य. सरकारी ओळखपत्रं दाखवली. समोरच्या गृहस्थांना आपण कितपत ओळखता, एवढंच विचारायचं होतं त्यांना. बाबा शिडी उतरले, पँटला हात पुसले आणि म्हणाले, "Not well. Just hi-hello."

फक्त हाय-हॅलो. त्याच सकाळी आमच्या ओट्यावर समीरा मावशींची क्लैचाची ताटली होती, अजून दोन बिस्किटं उरलेली. ते दोघं एक नंबर देऊन गेले. बाबा पुन्हा शिडीवर चढले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, हात पुढे करून नुसती जुडी मागितली. मी ती खाली काँक्रीटवर टाकली आणि आत निघून गेले.

त्यानंतर बाबा समोर गेले नाहीत. रिकामी ताटली परत देत नाहीत म्हणून आईने ती धुऊन ठेवली, काहीतरी गोड करून देऊ म्हणाली, पण ते गोड काही होईना. ताटली ओट्यावर तशीच.

मग पारसनीस काका आले. ते हृदयाचे डॉक्टर, मंडळाचे अध्यक्ष, इथे सगळ्यांच्या आधी आलेले. आम्ही फिनिक्सच्या विमानतळावर उतरलो तेव्हा न्यायला तेच आले होते, पहिलं जेवण त्यांच्याकडेच झालं होतं. त्यांचा शब्द आमच्या घरात कधी खाली पडत नसे. त्यांनी चहा घेतला आणि मला समोर बसवलं.

"प्रोजेक्ट ए-वन आहे हं. फक्त बोर्डवरचं ते बसरा-बगदाद काढू या, बेटा. टायमिंग बरोबर नाही. हॉल शाळेचा आहे, अमेरिकन लोक येतात, कशाला विषय?"

"मग काय लिहू?"

"'प्राचीन भारतातील प्रकाशविज्ञान.' छान वाटतं."

"पण काका, हा प्रयोग तिथला नाही."

"असेल गं. आपल्या ग्रंथांत सगळं आहे."

"कुठल्या ग्रंथात?"

"शोधलं की सापडेल."

"सापडलं की मी लगेच लावते. आज जे सापडलंय ते आज लावू दे."

बाबा म्हणाले, "केतकी, ऐक जरा." मी ऐकायच्या पलीकडे गेले होते. मी म्हटलं, "काका, तुमच्या आडनावाचा अर्थ माहीत आहे? फारसीनवीस. फारसी लिहिणारा. तुमच्या कुणा खापरपणजोबांना ती भाषा येत होती म्हणून त्यांना दरबारात काम मिळालं. ते तुम्ही दारावर पितळेच्या पाटीत लावता. आणि मी पुठ्ठ्यावर बसरा लिहायचं नाही?"

काकांनी कप बशीत ठेवला. "लहान आहेस," ते म्हणाले आणि उठले. आडनावाचं ते मला आईनेच कधीतरी शेंगा सोलताना सांगितलं होतं. मी तिच्याकडे बघितलं तर ती खिडकीबाहेर बघत होती.

काका गेल्यावर बाबा नागपुरीवर आले. राग आला की ते नागपुरीवर येत. "काहून भांडून राहिली तू? त्यांनी आपल्यासाठी किती केलं, माहीत आहे?"

"माहीत आहे. म्हणून मी त्यांच्या हॉलमध्ये जात नाही. मी इथे दाखवते, आपल्या गॅरेजमध्ये. त्याच दिवशी."

"इथे नाही. लोकांच्या डोळ्यांवर यायचं आहे का आत्ता? कागद कुठे अडकलेत तुला कळतं?"

"तुम्ही त्या माणसांना खोटं सांगितलं, बाबा."

त्यांनी काकांचा कप उचलून सिंकमध्ये ठेवला. मग म्हणाले, "गॅरेज माझं आहे. मी नाही म्हणतो."

आई ओट्याशी पुरण वाटत होती. तोंड न फिरवता ती म्हणाली, "गॅरेज माझ्याही नावावर आहे."

तेवढंच. पुढे ती पुरणच वाटत राहिली. आईने आयुष्यात बाबांच्या विरोधात उघडपणे म्हटलेलं हे पहिलं वाक्य असेल, कुटाचा विषय सोडला तर.

मला वाटलं होतं अम्मो खूश होतील. ते झाले नाहीत. दार अर्धवट उघडून त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बिन्ती, माझ्यासाठी हे करू नकोस. मला सध्या कुणी माझ्याकडे बघू नये, एवढंच हवं आहे." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या हिमतीची किंमत त्यांच्या दारावर फुटू शकत होती. आज मी तिथे असते तर कदाचित थांबले असते. आज मी शहाणी आहे आणि शहाणपणाचा मला पुष्कळदा कंटाळा येतो. त्या दिवशी मी म्हटलं, "तुमचं नाव कुठेच घेणार नाही. पण त्या माणसाचं शहर टीव्हीवर फक्त नकाशातला बाण म्हणून दाखवतायत, ते मला चालणार नाही."

त्यांनी दार पुरतं उघडलं. मग म्हणाले, "मग खरं सांग. तो पहिला होता असं म्हणू नकोस. भोकातून येणारा उजेड त्याच्या आधीही लोकांनी पाहिला होता. त्याने ग्रीकांचं वाचलं, आणि ते अरबीत आणणाऱ्यांत कितीतरी ख्रिश्चन होते, हर्रान शहरातले ताऱ्यांना पुजणारे होते. तुमच्याकडचे अंक आणि ताऱ्यांची गणितं बगदादला आली, त्यांनी ती मानाने घेतली आणि हिंदच्या लोकांची म्हणूनच सांगितली. कुणाकडून घेतलं ते ते लिहून ठेवायचे. तेवढं मोठेपण पुरे आहे. खोटं त्यात घालू नकोस."

रविवारी सकाळी मंडळाचे लोक हॉलकडे गेले आणि मी गल्लीच्या तोंडाशी पुठ्ठा लावला. 'आपली गल्ली उलटी बघा. बसऱ्याचा प्रयोग, वय हजार वर्षं.' आई लिंबूसरबत घेऊन दाराशी बसली. टिकली तिने त्या दिवशी बारीकच लावली होती. बाबा आत टीव्हीसमोर.

तासभर कुणी आलं नाही. मग सायकलवरची तीन मुलं आली, त्यांना उलटा कुत्रा बघून इतकं हसू आलं की ती आणखी चार जणांना घेऊन आली. मंडळातल्या एक काकू कार्यक्रमातून मधेच उठून, साडी सावरत, दोन मुलींना घेऊन आल्या आणि आईला म्हणाल्या, "कुणाला सांगू नका हं." आणि मग लिंडा आली. ती पुठ्ठ्यासमोर उभी राहिली, हाताची घडी घालून. मला वाटलं, आता हिचा आवाज सगळी गल्ली ऐकणार.

"बसरा," ती म्हणाली. "माझा मुलगा त्या बाजूने बगदादकडे गेला. मला ते नाव फक्त बातम्यांत माहीत आहे. तिथे काय आहे?"

मी तिला आत नेलं. तीन दिवे दाखवले, एक झाकला. चादरीवर गल्ली दाखवली. तिच्याच पिवळ्या फिती खाली लोंबायच्या ऐवजी वर उभ्या राहिल्या होत्या. ती खुर्चीवर बसली. मी तोंडपाठ केलेलं बोलत होते, ग्रीक, बगदाद, कैरो, वेड्याचं सोंग. मध्येच तिने विचारलं, "आणि तो सुटला?"

"सुटला. राजा मेल्यावर."

"बरं झालं," लिंडा म्हणाली.

तेवढ्यात चादरीवर काहीतरी हललं. आमच्या ड्राइव्हवेवरून एक माणूस चालत निघाला होता, पाय वर, डोकं खाली, हातात एक ताटली धरून. बाबा. आत टीव्हीवर बगदादच्या ग्रंथालयातून धूर निघताना दाखवत होते, जळके कागद रस्त्यावर उडत होते, हे मला आईने नंतर सांगितलं. ते बघून बाबा उठले, ओट्यावरची ताटली घेतली, त्यात पुरणपोळ्या ठेवल्या आणि चपलासुद्धा न घालता निघाले. आम्ही सगळे अंधारात बसून बघत होतो. ते रस्ता ओलांडून गेले. रस्त्यावर ऊन होतं, गल्लीत गाड्या होत्या, कुणीही बघू शकलं असतं. त्यांनी दार वाजवलं. दार उघडायला फार वेळ लागला. मग उलटे अम्मो दारात आले, आणि दोघं तसेच उभे राहिले. काय बोलले ते आम्हाला ऐकू येणं शक्यच नव्हतं. मग बाबांनी ताटली खाली, म्हणजे आम्हाला वर, पायरीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरले.

मुलं हसत होती, कारण त्यांना ते दोघं छताला लटकलेले दिसत होते. मी अंधारात होते याचं मला फार बरं वाटलं.

बाबा त्यांना घेऊनच आले. अम्मो गॅरेजमध्ये शिरले, मागे उभे राहिले. मी पुन्हा सुरुवात केली, घाबरून घाईघाईने, आणि म्हटलं की भोक जितकं लहान तितकं चित्र चांगलं.

"चूक," मागून आवाज आला. "पुन्हा विचार कर."

सगळे वळले. अम्मो पुढे आले. त्यांनी फॉइलचं भोक बोटाने थोडं थोडं झाकत नेलं. चित्र आधी रेखीव झालं, मग अंधुक, मग दिसेनासं. "लहान केलं की स्पष्ट होतं, पण उजेड कमी होतो. दोन्हींचा हिशेब बघावा लागतो." मग ते थांबलेच नाहीत. मुलांना प्रश्न विचारले, उत्तरं चुकली तर मान हलवली, बरोबर आली तर अरबीत शाबासकी दिली. इतक्या वर्षांनी त्यांना वर्ग मिळाला होता. लिंडाने हात वर केला, शाळेतल्यासारखा. "तुम्ही बसऱ्याला गेला आहात?"

"पुष्कळदा," ते म्हणाले. "खजुराची झाडं आहेत. पाणी आहे, होड्या आहेत. तुमचा मुलगा सुखरूप येवो." तिने मान हलवली. मैत्री वगैरे काही झाली नाही त्यांची. पण त्यानंतर अंडी कुणी फोडली नाहीत, आणि ते लिंडामुळे असावं असं मी धरून चालते.

सोमवारी बाबांनी कामावर उशिरा येतो असं कळवलं आणि स्वयंपाकघरातल्या फोनवरून त्या दोन माणसांच्या नंबरवर फोन केला. मी शाळेचं दप्तर पाठीला लावून दारात उभी. आई गॅस बंद करून उभी. बाबा इंग्रजीत, हळू आणि स्पष्ट बोलले. "तुम्ही माझ्याकडे आला होता. मी चुकीचं उत्तर दिलं, ते दुरुस्त करायचं आहे. मी त्यांना चांगला ओळखतो. ते माझे मित्र आहेत. आम्ही दर रविवारी एकत्र जेवतो. हो, माझं नाव लिहून घ्या." आणि त्यांनी आपलं लांबलचक नाव एकेक अक्षर करून सांगितलं.

आमच्या कार्डाला त्यानंतर आणखी काही वर्षं लागली. त्या फोनमुळे की नुसतीच लागली, हे कुणी सांगितलं नाही, आणि बाबांनी एकदाही विचारलं नाही. अम्मो आणि समीरा मावशी पुढच्या वर्षी मुलीजवळ मिशिगनला गेले. बाबा आणि ते दर रविवारी फोनवर बोलायचे, अम्मो वारले तोपर्यंत. मंडळात आम्हाला बरेच दिवस उशिरा बोलावणी यायची, हे खरं आहे. आई म्हणायची, तेवढाच वेळ वाचतो.

पारसनीस काकांची माझी समोरासमोर गाठ पडली ती पुष्कळ वर्षांनी, एका लग्नाच्या रिसेप्शनला. ते नव्वदीला टेकले होते, व्हीलचेअरवर. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मला ओळखलं.

"तू फार उद्धट होतीस," ते म्हणाले.

"अजून आहे, काका."

ते हसले नाहीत. मीही नाही. शेजारी डीजे वाजत होता. त्यांनी मला खुणेने खाली वाकायला सांगितलं, आणि मला वाटलं आता आडनावाचा विषय निघणार, माझी तयारी होती.

"ती चादरीवर गल्ली दिसते म्हणतात," ते माझ्या कानाशी म्हणाले. "भोक केवढं पाडायचं?"

"करंगळी जाईल एवढं," मी म्हटलं.